‘द रॉकिंग हॉर्स विनर’ (१९४९) : आईचं कर्ज फेडायला निघालेला मुलगा

रानजाई

जुन्या ब्रिटिश सिनेमाचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा डेव्हिड लीन आणि कॅरोल रीड या दिग्दर्शकांपाशीच थांबते. त्याच काळात, रँक या चित्रपट कंपनीच्या छत्राखाली तयार झालेला अँथनी पेलिसिएचा ‘द रॉकिंग हॉर्स विनर’ मात्र मागे पडला. मला तो त्या दोघांच्या उत्तम चित्रपटांच्या रांगेत बसणारा वाटतो, म्हणून हा धागा. शेवटासकट सगळं लिहिणार आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघा आणि मग या.

मूळ कथा डी. एच. लॉरेन्सची, १९२६ सालची. नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुडच्या खाणकामगाराचा हा मुलगा. पगाराच्या दिवशी घरात काय होतं आणि महिनाअखेरीला काय होतं हे लहानपणापासून बघितलेला माणूस. पण या कथेसाठी त्याने गरीब घर निवडलं नाही. बाग आहे, नोकरचाकर आहेत, मुलांना सांभाळायला बाई आहे. मिळकत आहे, पण ती राहणीला पुरत नाही. राहणी कमी करायची कल्पना मात्र कुणाच्या मनाला शिवत नाही.

या घरातला मुलगा पॉल. त्याला घर बोलताना ऐकू येतं. अजून पैसे हवेत, अजून पैसे हवेत. मोठ्यांपैकी कुणीही हे वाक्य मोठ्याने उच्चारत नाही, पण नाताळच्या महागड्या खेळण्यांच्या मागून, जिन्यावरून, मुलांच्या खोलीच्या भिंतींतून ते मुलांपर्यंत पोचतं. आई हेस्टर त्याला सांगते की आपण गरीब आहोत कारण तुझ्या वडिलांना नशीब नाही. मुलगा ते शब्दशः घेतो. नशीब शोधायचं, इतकंच ना? नाताळला मिळालेल्या डुलत्या लाकडी घोड्यावर बसून तो नशिबाच्या गावाला जायला निघतो, आणि वेगाच्या एका टोकाला पोचला की त्याला पुढच्या शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्याचं नाव कळतं. घरचा नोकर बॅसेट त्याच्यातर्फे पैसे लावतो. पुढे आईचा भाऊ, ऑस्करमामा, भागीदार होतो.

एवढं वाचून हा भुताटकीचा सिनेमा वाटेल. तसा तो थोडा आहेच. घोड्यावरचे प्रसंग अंगावर येतात. छायाचित्रकार डेसमंड डिकिन्सनने आदल्याच वर्षी ऑलिव्हिएचा ‘हॅम्लेट’ चित्रित केला होता. तिथल्या किल्ल्याच्या जिन्यांवरचा अंधार त्याने इथे एका मध्यमवर्गीय घराच्या जिन्यावर आणून सोडलाय. कॅमेरा घोड्याच्या तोंडाशी खाली जातो. रंगवलेले डोळे, वासलेला जबडा आणि वर घामेजलेला पोरगा. विल्यम ऑल्विनचं संगीत आणि लाकडाची ती करकर एकमेकांत इतकी मिसळते की कुठलं कुठे संपलं हे कळत नाही.

पण माझ्या मते या गोष्टीचं काळीज घोड्यावर नाही, वाढदिवसाच्या पाकिटात आहे.

कथेत पॉल एका शर्यतीत दहा हजार पौंड जिंकतो. त्यातले पाच हजार तो आईसाठी बाजूला काढतो. तिला कळू द्यायचं नाही अशी त्याची अट. मामाच्या मार्फत वकिलाकडे व्यवस्था होते : एका दूरच्या नातेवाइकाने ठेवलेले पैसे म्हणून आईच्या दर वाढदिवसाला एक हजार, पाच वर्षं. वाढदिवसाच्या सकाळी पॉल न्याहारीच्या टेबलावर आईच्या तोंडाकडे बघत बसलाय. ती पाकीट उघडते, वाचते, आणि तिचा चेहरा आणखी कठोर होतो. पत्र इतर पत्रांखाली सरकवते, कुणाला काही बोलत नाही. मग ती वकिलाकडे जाऊन विचारते की सगळे पाच हजार एकदम मिळतील का, कारण देणी आहेत. मामा हा प्रश्न मुलापुढे ठेवतो. मुलगा म्हणतो, देऊन टाका, आपण अजून मिळवू.

आणि घर शांत होईल असं वाटत असताना नवं सामान येतं, हिवाळ्यात फुलं येतात, पॉलला ईटनच्या महागड्या शाळेत घालायचं ठरतं आणि घरातले आवाज वेडे होतात. लॉरेन्सने तिथे वसंतातल्या संध्याकाळी एकदम ओरडायला लागलेल्या बेडकांची उपमा दिलीय. आधी अजून पैसे हवेत असं म्हणणारं घर आता म्हणतं, आता तर अजूनच हवेत.

या सिनेमाचा विषय जुगार नाहीच, असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या माणसांची हाव मुलाला हाव म्हणून दिसत नाही, ती त्याला आईचं दुखणं म्हणून दिसते. आणि दुखणं असेल तर औषध आणायला नको का? पॉलला स्वतःसाठी एक पेनीही नको असते. त्याला फक्त तो आवाज थांबवायचा असतो.

पॉल झालेला जॉन हॉवर्ड डेव्हिस तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. आदल्या वर्षी तोच लीनचा ऑलिव्हर ट्विस्ट झाला होता. तिथे तो सोसणारा मुलगा होता. इथे त्याच्या चेहऱ्यावर एक हिशेबी, कामकरी गंभीरपणा आहे. घरातला कर्ता पुरुष असतो तसा. लहान मुलाच्या तोंडावर तो बघवत नाही.

आता प्रश्न. तुमच्या मते जबाबदार कोण? मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं, पण पुन्हा बघितल्यावर ते तितकं सोपं राहिलेलं नाही.

कोरा_कागद

फार छान लिहिलंय. माझं उत्तर सरळ आहे : आई. लॉरेन्स पहिल्याच परिच्छेदात निकाल देतो. तिचं मुलांवर प्रेम नाही, हे तिला माहीत आहे आणि मुलांनाही माहीत आहे. बाहेरचे लोक म्हणतात काय मायाळू आई आहे, आणि घरातले डोळ्यांत बघून खरं काय ते ओळखतात. त्याच्यापुढे पैशाचा भाग दुय्यम आहे. पॉल पैसे मिळवत नाहीये, आईची नजर आपल्याकडे वळावी म्हणून झटतोय. ती वळते, पण केव्हा? तो खाली कोसळल्यावर.

हेस्टर झालेल्या व्हॅलेरी हॉब्सनने मात्र ही बाई खलनायिका होऊ दिलेली नाही, हे तिचं श्रेय. जप्तीचा बेलिफ घरात येऊन बसल्यावर हेस्टर आपले भारी कपडे विकायला एका कळकट दुकानात जाते, तो प्रसंग आठवा. दुकानदार चार्ल्स गोल्डनर. तो कपडा बोटांत धरून चोळून बघतो आणि ही बाई ताठ उभी. आवाज चढवता येत नाही, निघून जाता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला किंमत विचारावी लागत नाहीये, मागावी लागतेय. तो प्रसंग बघताना तिची कीव येते, आणि लगेच आठवतं की घरी एक मुलगा आहे.

उंबरठा

कोरा_कागद, तुमचं ‘आई’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

आई खर्चिक आहे, कोरडी आहे, सगळं कबूल. पण या घरातले पुरुष काय करतात ते बघू. वडील सिनेमात पत्ते खेळून हरतात, नोकरी घालवतात आणि बायकोच्या आड लपतात. मामाकडे पैसा आहे, समज आहे, फुरसत आहे. घरातली देणी त्याला ठाऊक आहेत. त्याला कळतं की भाचा गुपचूप शर्यतींवर पैसे लावतो आणि जिंकतो. तो काय करतो? मुलाला जवळ घेऊन विचारतो का, की बाळा तुला हे नाव कुठून कळतं, तुला झोप लागते का? कथेत तो पुढच्या शर्यतीला स्वतःचे दोनशे पौंड लावतो! पोराचे डोळे दिवसेंदिवस पेटल्यासारखे होत चाललेत आणि मामा भाव विचारतोय.

आणि मूळ कथेतली आई कामही करते बरं का. कापडाच्या मोठ्या दुकानांच्या जाहिरातींसाठी फर आणि कपड्यांची रेखाचित्रं काढते. तिच्या ओळखीची एक बाई त्याच कामात वर्षाला हजारोंनी कमावते, हिला काहीशेच मिळतात. सिनेमाने हा धागा सोडून दिला आणि तिला फक्त उधळी केलं, याचं मला वाईट वाटतं. कमावूनही न पुरणाऱ्या बाईची कोंडी त्यामुळे गेली.

टेम्सकाठ

या धाग्यात थोडी काळाची माहिती घालतो, कारण तिच्याशिवाय बॅसेटचं पात्र नीट उलगडत नाही.

ब्रिटनमध्ये १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैसे लावण्याला बंदी होती. रेसकोर्सवर प्रत्यक्ष हजर राहून पैसे लावता येत. ज्याची बुकीकडे पत असे, त्याला उधारीच्या खात्यावर फोनवरूनही लावता येत. म्हणजे मामासारख्या माणसाला घरबसल्या सगळं कायदेशीर, आणि नाक्यावर शिलिंग देणारा कामगार गुन्हेगार. हे १९६० च्या कायद्याने बदललं आणि १९६१ च्या मे महिन्यापासून परवानाधारक दुकानं उघडली. म्हणून १९४९ च्या प्रेक्षकाला लहान मूल, नोकर आणि साहेब अशी तिघांची भागीदारी दिसली, तेव्हा त्यात वर्गाची एक पूर्ण उतरंड दिसत होती. पैसा सगळ्यांचाच लागतो, पण चारचौघांत ताठ मानेने उभा राहू शकतो तो एकटा मामा.

दुसरं असं की चित्रपट आला नोव्हेंबर १९४९ ला. महायुद्ध संपून चार वर्षं झाली तरी रेशन चालूच होतं. कपड्यांचं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उठलं. गोळ्या-चॉकलेटांचं एप्रिलमध्ये उठवलं आणि मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये पुन्हा लावावं लागलं. सप्टेंबरमध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, ४.०३ डॉलरवरून २.८० वर. अशा वेळी तिकीट काढून बसलेल्या बाईला हेस्टरचे ते फरचे कोट आणि उंची कपडे बघून काय वाटलं असेल? आज आपल्याला ती फक्त श्रीमंती दिसते. तेव्हा ती डोळ्यांत खुपणारी गोष्ट होती.

बॅसेटबद्दल : ही भूमिका करणारा जॉन मिल्स या चित्रपटाचा निर्माताही आहे. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा नायक पिप त्याने १९४६ मध्ये केला होता, आणि मोठी झालेली एस्टेला होती हीच व्हॅलेरी हॉब्सन. एवढा लोकप्रिय नट स्वतः निर्माता असलेल्या चित्रपटात लंगड्या नोकराची दुय्यम भूमिका घेतो आणि मधलं मैदान एका मुलाला देतो, याचं मला फार अप्रूप आहे.

घाटवाट

रानजाई, तुमचं घराच्या आवाजाबद्दलचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या घरात रेसचा नाद होता. वडिलांना. मुंबईत आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत तो असायचा, त्याबद्दल उघड कुणी बोलत नसे. वडिलांच्या हातात ते छोटं पुस्तक असायचं, घोड्यांची नावं, जॉकी, वजनं, मागच्या शर्यतींचे निकाल. त्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. आम्हा भावंडांना वाचता यायच्या आधी त्या खुणा वाचता येत होत्या. दोनदा अधोरेखित म्हणजे आज मोठी रक्कम आहे, आज गप्प बसायचं. संध्याकाळी जिन्यात चपलांचा आवाज आला की बहीण पावलांच्या चालीवरून सांगायची आज काय झालं असेल. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, फक्त भांड्यांचा आवाज थांबायचा.

पैशाबद्दल आमच्यासमोर एक शब्द कुणी काढला नाही. कधीच नाही. आणि तरी आम्हाला घरभाडं थकलंय हे माहीत होतं, सोनाराकडे काय गेलंय हे माहीत होतं. मला शाळेच्या सहलीचे पैसे मागायचे असत, तेव्हा मी मागायचोच नाही. बाईंना सांगायचो, मला गाडी लागते.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात की घर बोलतं ही लॉरेन्सची कल्पनाशक्ती आहे, तेव्हा मला ते पटत नाही. ती साधी नोंद आहे. मुलांना ऐकू येतं.

कोरा_कागद

घाटवाट, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. सहलीचं वाचून गलबललं.

उंबरठा, मामाबद्दल तुमचं म्हणणं मान्य करायला लागणार. मी त्याला मजेशीर सज्जन म्हणून सोडून देत होतो. मामा झालेला रोनाल्ड स्क्वायर इतका मोकळाढाकळा आणि लोभस आहे की आपण त्याच्या बाजूने हसतो. कदाचित दिग्दर्शकाला तेच हवं असेल.

टाचणी

याच्या जोडीने कॅरोल रीडचा ‘द फॉलन आयडॉल’ (१९४८) बघायला हवा. ग्रॅहम ग्रीनच्या कथेवरचा. लंडनमधल्या एका वकिलातीत राहणारा फिलीप, त्याचा लाडका बटलर बेन्स, बटलरची कजाग बायको. तिथे पैसा नाही, तिथे मोठ्यांची गुपितं आहेत. प्रत्येक जण मुलाला सांगतो, हे आपल्या दोघांत ठेव. मुलगा बेन्सला वाचवायला खोटं बोलतो आणि प्रत्येक खोट्याने बेन्सभोवतीचा फास आवळत जातो.

दोन्हीकडे मुलाला वाटतं की या मोठ्या माणसाला माझ्याशिवाय कुणी नाही. दोन्हीकडे गुपित राखणं म्हणजेच प्रेम, असं मुलाला मोठ्यांनीच शिकवलेलं असतं. बॅसेट आणि पॉल यांच्यात शब्द पाळण्याबद्दल किती गंभीर करार होतात बघा. मुलगा मामाला भागीदार करून घेतानाही आधी वचन मागतो. तो करार पाळणारा त्या घरात तो एकटाच खरा सज्जन आहे.

पण रीड शेवटी फिलीपला सोडवतो. आई परत येते, जिना उतरून तो तिच्याकडे जातो. पेलिसिए पॉलला सोडवत नाही. युद्धानंतरच्या या तीन-चार वर्षांत ब्रिटिश सिनेमात मुलं इतकी का आली असावीत? लीनचे डिकन्सवरचे दोन, रीडचा हा, ‘द विन्स्लो बॉय’ही १९४८ चाच. माझा अंदाज असा की युद्धात लाखो मुलं शहरांतून खेड्यांत पाठवली गेली होती, अनोळखी घरांत राहून परतली होती. आपल्या पाठीमागे मुलांनी काय बघितलं, काय सोसलं, हा प्रश्न त्या पिढीच्या आईबापांना टोचत असणार.

सातवा_मजला

शेवटाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कथेचा शेवट धारदार आहे. डर्बी या मोठ्या शर्यतीच्या आधी पॉलला काही केल्या नाव कळत नाही, तो खंगत जातो. पार्टीहून रात्री उशिरा परतलेली आई त्याच्या खोलीपाशी येते, आतून तो दबका, जोरकस आवाज ऐकू येतो. दार उघडून दिवा लावते तर मुलगा घोड्यावर. तो ‘मलाबार’ असं ओरडतो आणि कोसळतो. मलाबार जिंकतो, चौदाला एक भावाने. पॉलच्या नावावर ऐंशी हजारांहून जास्त पौंड जमतात आणि त्याच रात्री तो जातो. मग मामा बहिणीला जमाखर्च सांगतो : एका बाजूला ऐंशी हजार, दुसऱ्या बाजूला मुलगा. बस्स, कथा संपली. ब्रिटिश मुलाचा जीव घेणाऱ्या घोड्याला आपल्या किनाऱ्याचं नाव असावं, हे वाचताना मी दर वेळी थबकतो.

सिनेमा मात्र पुढे जातो. घोडा जाळला जातो. आई त्या पैशाला शिवायला तयार होत नाही, तोही जाळून टाक म्हणते. मला हा जोडलेला भाग सौम्य वाटतो. प्रेक्षकाला घरी जाताना आईला माफ करता यावं म्हणून घातल्यासारखा. लॉरेन्सने तिला ती सोय दिली नव्हती.

उंबरठा

मला उलट वाटतं. कथेत शेवटचा शब्द मामाला मिळतो, आणि तोही हिशेबाचा. मेलेल्या मुलाच्या उशाशी उभं राहून हा माणूस बेरीज-वजाबाकी करतो आणि वाचक त्याला शहाणा समजून पुस्तक मिटतो. सिनेमाने निदान शेवटचा शब्द आईला दिला. ती पैसे नाकारते हे उशिराच, पण साऱ्या गोष्टीत पैशाला नको म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती ठरते. तिच्याआधी कुणी म्हटलं होतं? बॅसेटने? तो तर चांगला माणूस ना, मग इतके दिवस पैसे लावत राहिला तो कशासाठी?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

उंबरठा, बॅसेटपाशी माझंही घोडं अडतं. त्याच्याबद्दल दोन्ही वाटतं. तो एकटाच पॉलशी खरं बोलतो. रिकिबीत पाय कसा ठेवायचा, लगाम कसा धरायचा, जॉकी पुढे कसा झुकतो हे तो लाकडी घोड्यावर बसलेल्या मुलाला जितका वेळ देऊन आस्थेने शिकवतो, तितका वेळ त्याला आईबापांपैकी कुणी दिलेला नाही. पण त्याच शिकवणुकीवर पॉल पुढे स्वतःला झिजवतो. आणि मुलाला नाव कसं कळतं याबद्दल बॅसेटच्या मनात जवळजवळ देवळातली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेमुळे तो प्रश्न विचारत नाही. मामा लोभाने विचारत नाही, बॅसेट भक्तीने विचारत नाही, आई लक्षच नसल्यामुळे विचारत नाही. त्या घरात पॉलला एकच प्रश्न हवा होता : तू इतका दमलास कशाने?

सातवा_मजला, सिनेमाचा शेवट लांबला हे मान्य. पण घोडा जळताना बघणं मला आवश्यक वाटतं. दीड तास आपण त्या लाकडी तोंडाकडे भीतीने बघत आलेलो असतो आणि ज्वाळांत कळतं की ते नुसतं लाकूड होतं. घोड्याने मुलाचं काही केलं नव्हतं.

टाचणी, युद्धकाळातल्या मुलांचा मुद्दा मी असा जोडून बघितला नव्हता. ‘द फॉलन आयडॉल’वर वेगळा धागा काढाच.

कोरा_कागद

एक विचारायचं राहिलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, जुने सिनेमे आवडीने बघतो. त्याच्याबरोबर बघू का?

आणि तो जॉन हॉवर्ड डेव्हिस पुढे नट झाला का?

टेम्सकाठ

नट म्हणून फार नाही. १९५१ मध्ये ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ केला, आणखी थोडंफार काम केलं. मोठेपणी बीबीसीत निर्माता-दिग्दर्शक झाला आणि विनोदी मालिकांच्या प्रांतात नाव काढलं. ‘माँटी पायथन’चे १९६९ मधले सुरुवातीचे भाग त्याचे, ‘फॉल्टी टॉवर्स’चा १९७५ चा पहिला मोसमही त्याचाच. २०११ मध्ये गेला.

रानजाई

अकरा वर्षांच्या मुलाबरोबर जरूर बघा, पण त्याला एकट्याला देऊ नका. घोड्याची भीती त्याला वाटेल ती जाईल. आजकालच्या मुलांनी त्याहून भयंकर बघितलेलं असतं. वाढदिवसाच्या पाकिटाशी मात्र थांबवून त्याला विचारा की पॉलला नक्की काय हवं होतं, आणि तो काय सांगतो ते मध्ये न बोलता ऐका. मधल्या बोर्डिंग स्कूलच्या गप्पा आणि मामाचे विनोद त्याला कंटाळवाणे वाटले तर ते पुढे ढकला, काही बिघडत नाही. कथा मात्र सिनेमानंतर वाचायला द्या, आधी नको.

आणि त्याचं उत्तर इथे लिहायला विसरू नका.